तांदळाच्या कणीएवढा पतंग

काटोल
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीप्ती,
सप्रेम जय भीम.

दीक्षाभूमीवर त्या दिवशी गर्दीत मैत्रिणी दिसल्या आणि तू पळालीस. माझं बोलणं अर्धवट राहिलं, ते आता कागदावर. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतेस आणि दुसऱ्या कानाने सोडून देतेस. शिवाय जे पाठवते आहे ते फोनमधून जात नाही.

डब्याच्या खालच्या कप्प्यात पाटोडी आहे, वरच्या कप्प्यात पानं. घाईघाईत उलटं करू नकोस. पानं आपल्या विहिरीजवळच्या देवकापसाची आहेत. त्यांच्यावर पांढऱ्या वळणावळणाच्या रेघा उमटल्या आहेत, पहिलीतल्या पोराने पाटीवर पेन्सिल फिरवावी तशा. शेजारच्या गोपिकाबाई दिवाळीच्या वातींसाठी कापूस न्यायला आल्या आणि पाहतच राहिल्या. "सिंधूताई, तुमच्या झाडावर कोनं रांगोळी काढली वं?" आणि लगेच सल्ला, "फवारा मारा, नाहीतर माह्या वाती बुडतीन."

त्यांचा संत्र्याचा बगीचा. त्या म्हणतात ही संत्र्यावरची नागअळीच, इकडे आली. संत्र्याच्या कोवळ्या पानांवर ती अशीच रेघ ओढते हे खरं आहे. पण ती संत्रं सोडून कापसावर कशाला येईल? माणसं काटोल सोडून नागपूरला जातात ती नोकरीसाठी. हिला इथे काय कमी पडलं?

तू इतकी वर्षं किड्यांवर पीएच.डी. करतेस. तुझ्या बाबाला अजून वाटतं की पोरगी डॉक्टर होणार म्हणजे त्याला बीपीच्या गोळ्या देणार. तेव्हा सांग, हे काय आहे. उत्तर येईपर्यंत गोपिकाबाईंना थोपवून धरते.

तुझी
सिंधूआत्या

---

नागपूर
९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

पाटोडीला हात लावायच्या आधी पानं उघडली, यावरून काय ते समज.

सूक्ष्मदर्शकाखाली पानाची वरची कातडी सुईच्या टोकाने उचलली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. आत अळी होती. पानाच्या वरच्या आणि खालच्या कातडीच्या मधला हिरवा गर खात खात ती पुढे सरकते, मागे रेघ उरते. माझ्या गाईड चारुशीला मॅडम (तू ज्यांना 'न हसणाऱ्या बाई' म्हणतेस त्या) लांबूनच म्हणाल्या, "माशीची अळी असेल. टमाट्यावर असते तीच." पण आत्या, माशीच्या अळीला धड डोकंही नसतं आणि पायही नसतात. हिला तपकिरी डोकं आहे, आणि पोटाखाली इवले इवले पाय. ही पतंगाची अळी आहे. दिव्यावर झेपावतात ते पतंग, त्यांच्यातलाच, पण हा मोठा होऊन तांदळाच्या कणीएवढाच राहणार.

मी लॅबची सगळी कपाटं धुंडाळली. कापसाचं पान आतून पोखरणारा असा पतंग आमच्या संग्रहात नाही. मला काल झोप आली नाही. बाजूच्या टेबलावरचा प्रेमानंद विचारत होता, "काय वं, लॉटरी लागली काय तुले?" मी म्हटलं, तसंच समज.

आता अडचण ऐक. १४ नोव्हेंबरला आमची समिती बसते. नवा विषय हवा तर अळी दाखवून भागत नाही, पंख फुटलेला पतंग समोर ठेवावा लागतो. तो नसला तर मला गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यांची मोजणी देणार आहेत. काम वाईट नाही, पण ते दहाजण करताहेत. हा पतंग मी एकटी पाहते आहे. म्हणजे आपण दोघी.

तू रेघा असलेली पानं पाठवत राहा. अळ्या पानातच मोठ्या होतील, पानातच कोष करतील, आणि एक दिवस पान फाडून पतंग बाहेर येईल. आणि फवारा मारलास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

तुझी
दीप्ती

---

काटोल
१३ ऑक्टोबर

प्रिय दीप्ती,
सप्रेम जय भीम.

ताराचंदभाऊंच्या गाडीने पुन्हा डबा येतो आहे. कंडक्टर माणूस, पण आता रोज तिकिटाआधी विचारतात, "ताई, अळी जाणार हाये काय आज?" सगळ्या गाडीला कळलं आहे.

मला तुझ्या पत्राने काय झालं ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना कीटकाच्या चार अवस्था शिकवल्या. अंडी, अळी, कोष, कीटक. फळ्यावर दरसाल तीच चार चित्रं काढली. आणि माझ्या विहिरीजवळ ही बाई राहत होती ते मला माहीत नव्हतं. आता सकाळी चहा घेऊन झाडापाशीच बसते. भिंग घेतलं आहे बाजारातून. गोपिकाबाई म्हणतात, "जादूटोना करून राहिल्या काय?"

तुझ्या अळ्यांना त्रास नको म्हणून झाडाची सफाई केली. खोडाला आणि पानांच्या मागे पिठ्या ढेकणासारखे पांढरे दाणे चिकटले होते. जुन्या टूथब्रशने घासून सगळे काढून टाकले. आता झाड स्वच्छ आहे. तू निश्चिंत राहा.

तुझी
सिंधूआत्या

---

नागपूर
१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

वाईट बातमी. अळ्या गेल्या.

लॅबच्या प्लास्टिकच्या खोक्यात पानं सुकायची म्हणून मी ती तुझ्याच डब्यात ठेवली होती, ओल्या कापसाच्या बोळ्यावर. आज उघडलं तर रेघा रिकाम्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक भोक, आणि आत कोणी नाही. ना अळी, ना कोष. पानांना खालून थोडं कुरतडलेलं दिसलं, पण कुरतडणारा सापडला नाही. मुंग्यांनी नेल्या असतील. मी टेबलाखाली गुडघ्यावर बसून शोधलं. प्रेमानंदनेही शोधलं. मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सापळ्यांचं साहित्य मागवून ठेवू का?"

मी रडले नाही. खोलीवर आले आणि राग डब्यावर काढला. झाकणाच्या आतल्या बाजूला भाताची शितं वाळून चिकटली होती, ती तारेच्या घासणीने घासघासून काढली. डबा आरशासारखा लखलखतो आहे. रिकामा डबा परत पाठवला तर तू मला कापशील, म्हणून संत्राबर्फी भरली आहे. गोपिकाबाईंनाही दे, आणि दिवाळीच्या शुभेच्छा सांग.

नवी पानं असली तर पाठव. नसली तर राहू दे.

तुझी
दीप्ती

---

काटोल
२२ ऑक्टोबर

दीप्ती,

जय भीम. आधी खुर्चीवर बस.

बसलीस? आता मला सांग, झाकणाला शितं कुठून आली? मी तुला पाटोडी पाठवली होती. तिच्याबरोबर भात नव्हता.

काल सकाळी भिंगातून एक रेघ पाहत होते. रेघेच्या टोकाला पान हललं. मग भोक पडलं आणि आतून डोकं बाहेर आलं. पोर खिडकीतून बाहेर डोकावतं ना, तसं. ती बाहेर आली, दीप्ती. पूर्ण बाहेर. पानाच्या मागे गेली आणि तिथे कुरतडू लागली. पानात राहायचं तिचं वय संपलं होतं. चहा निवला, मी हलले नाही. आणि शेजारच्याच पानामागे दुसरी एक, तिच्याहून थोराड, स्वतःभोवती पांढरा धागा फिरवत होती. उन्हं चढली तेव्हा तिथे एक पांढरा दाणा झाला होता. लांबट, वर उभे उभे बारीक कंगोरे. अगदी वाळलेल्या शितासारखा.

तुझ्या अळ्या कुठे गेल्या नव्हत्या. झाकणावर जाऊन कोष विणून बसल्या होत्या. त्यांना तू तारेच्या घासणीने मोक्ष दिलास.

पण हसू नकोस, कारण पुढे माझी पाळी आहे. मी ज्यांना पिठ्या ढेकूण म्हणून टूथब्रशने घासलं ते आठव. आत्या आणि भाची, दोघींनी मिळून एकाच आठवड्यात खानदान साफ केलं, तेही स्वच्छतेच्या नावाखाली.

सगळं संपलं नाही. खोडाच्या बेचक्यात, जिथे माझा ब्रश पोचला नाही, तिथे आणखी चार-पाच कोष सापडले. साल अलगद खरवडून लोणच्याच्या बरणीत ठेवले आहेत. तोंडावर मलमल बांधली आहे. बर्फी छान होती.

तुझी
सिंधूआत्या

---

नागपूर
२४ ऑक्टोबर

आत्या,

जय भीम. तुझं पत्र बसस्टँडवरच उघडलं आणि तिथेच बाकावर बसले. ताराचंदभाऊंनी विचारलं, "बरं हाये ना घरी सगळं?" मी म्हटलं, "फार बरं हाये." हसत होते की रडत होते ते त्यांना कळलं नसणार, मलाही कळलं नाही.

कंगोऱ्यांचा कोष! माझ्याकडच्या पुस्तकात एका ओळीत होतं ते आणि मी वाचून पुढे गेले होते. आता बरणी गाडीने पाठवू नकोस, हिसके बसतील. तुझ्याकडेच राहू दे, सावलीत. आठ-दहा दिवसांत पतंग निघतील.

निघाले की एकच करायचं. बरणी रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. त्याला काही कळत नाही, तो थंडीने झोपतो. सकाळी कागदाच्या पुडीत घालून पाठव. त्याच्या पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय नाव लागत नाही, आणि ते जिवंतपणी तपासता येत नाही. मॅडमना मी सांगितलं आहे, १४ तारखेला पतंग टेबलावर असेल.

आत्या, माझा विषय तुझ्या बरणीत आहे. जप.

तुझी
दीप्ती

---

काटोल
३ नोव्हेंबर

प्रिय दीप्ती,
सप्रेम जय भीम.

आला. आज सकाळी आला.

पांढरा आहे, रेशमी पांढरा, पंखांवर तपकिरी शिंतोडे. डोक्यावर केसांचा झुबका, झोपेतून उठलेल्या पोरासारखा. आधी पंख चुरगळलेले होते, मग ते हळूहळू सरळ झाले. थोड्या वेळाने दुसराही निघाला. मी गोपिकाबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढेनात. मग म्हणाल्या, "इतकुशा जीवाले डोये बी हायेत वं."

त्या गेल्यावर मी फ्रीज उघडला. बर्फाचा कप्पा रिकामा केला. बरणी हातात होती. आतला एक काचेवर चालत माझ्या बोटापर्यंत आला, काचेच्या त्या बाजूने.

दीप्ती, माझ्याने झालं नाही. रोज सकाळी मी पंचशील म्हणते, आणि पहिलंच शील जिवाची हत्या न करण्याचं आहे. आजही म्हटलं होतं, त्याला पाहण्याच्या थोडंच आधी. फ्रीजचं दार लावलं. जुन्या सुती पातळाची पिशवी शिवली, देवकापसाच्या एका डहाळीवर बांधली आणि दोघांना त्यात सोडलं.

तू रागावशील. पण तुझ्यापासून लपवायचं नव्हतं.

तुझी
सिंधूआत्या

---

नागपूर
५ नोव्हेंबर

आत्या,

तू डास मारतेस. टाळी वाजवून मारतेस, मी पाहिलं आहे. तुरीवर फवारणी झाली तेव्हा टाकीत पाणी कोणी भरून दिलं? तेव्हा शील कुठे होतं? शेतातल्या लाखभर अळ्या चालतात आणि माझा एक पतंग चालत नाही?

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या विषयावर राबले. पहिल्यांदा काहीतरी माझं सापडलं, तेही आपल्या विहिरीपाशी. मला वाटलं होतं की या जगात एका माणसाला तरी यातलं मोल कळलं. नऊ दिवस राहिले आहेत. मॅडमना काय सांगू, माझी आत्या फ्रीजपाशी अडली?

जास्त बोलले. माफ कर. पण पाठव.

दीप्ती

---

काटोल
७ नोव्हेंबर

प्रिय दीप्ती,
सप्रेम जय भीम.

तुझं खरं आहे. डास मारते. टाकीही मीच भरली. शील घेताना आपण 'मी असा आहे' असं म्हणत नाही, 'असं वागायला शिकतो' म्हणतो. मुलांना अर्थ सांगताना यावर मी नेहमी थांबायची. मी अजून शिकतेच आहे, आणि पुष्कळदा नापास होते.

पण याला मी जन्मताना पाहिलं. तू मला भिंग लावायला लावलंस, तेव्हापासून हे असं झालं. आधी म्हणाली असतीस तर मारला असता, मला दिसलाच नसता.

पाठवणार नाही असं मी म्हणत नाही. किती जगेल तो? आठवडा, फार तर दोन. रोज साखरपाण्यात भिजवलेला कापूस पिशवीत ठेवते. तो आपल्या मरणाने गेला की त्याच दिवशी पहिल्या गाडीने निघेल. त्याआधी नाही. तुझ्या समितीला सांग, दोष माझा. पत्ता दे, त्यांनाही लिहीन. बरणीतल्या बाकीच्या कोषांतून काही निघालं नाही; या दोघांपैकी एकाचा रिकामा कोष सोबत पाठवते आहे.

मोल मला कळलं आहे, बाळा. म्हणूनच तर अडले.

तुझी
सिंधूआत्या

---

नागपूर
१४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. राग होता. आज समिती झाली, आणि तुलाच पहिल्यांदा लिहिते आहे.

माझ्यासमोर फक्त पानं होती, रेघांचे फोटो, आणि तू पाठवलेला रिकामा कोष. सर्वांत ज्येष्ठ सरांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "पतंग कुठे आहे?"

"काटोलला, सर."

"मग आणला का नाही?"

"अजून जिवंत आहे, सर."

खोलीत हशा पिकला. मी ठरवून गेले होते की माफी मागायची, नमुना वेळेत मिळाला नाही म्हणायचं. पण त्या हशाने माझ्या डोक्यात सणक गेली. मी सगळं सांगितलं. झाकणावरची शितं, टूथब्रश, बरणी, फ्रीज, पातळाची पिशवी. म्हटलं, अळी पानातून बाहेर येताना या लॅबमध्ये कोणी पाहिलेली नाही, माझ्या आत्याने पाहिली. कोष विणतानाही तिनेच पाहिली. तिचीच अट आहे आणि ती मला मान्य आहे. माझ्या तोंडून 'मला मान्य आहे' कसं निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

सरांनी विचारलं, "मग पतंग मिळणार कधी?"

"मेल्यावर, सर."

या वेळी कोणी हसलं नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर आला तर विषय माझा, नाहीतर सापळे. आत्या, तो कसा आहे? खातो का? खरं सांगते, मरावा असं वाटत नाही, आणि मेल्याशिवाय माझं भागत नाही.

तुझी
दीप्ती

---

काटोल
१७ नोव्हेंबर

प्रिय दीप्ती,
सप्रेम जय भीम.

आज सकाळी पिशवीच्या तळाशी सापडला. दोन दिवसांपासून उडत नव्हता, नुसता चालत होता. दुसरा अजून हिंडतो आहे.

मी पायरीवर बसले होते तर गोपिकाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वं, कोन गेलं?" चेहरा तसा झाला असेल. मी सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या घरात गेल्या आणि वातींसाठी पिंजलेला कापूस घेऊन आल्या, याच झाडाचा. काडेपेटीत त्याची गादी केली, वर त्याला ठेवलं. मी काडेपेटी डब्यात बसवली. ताराचंदभाऊंना म्हटलं, डबा आडवा होऊ देऊ नका. ते म्हणाले, "काय हाये आत?" मी म्हटलं, "तोच." ते डबा मांडीवर घेऊन बसले.

आणखी एक. पिशवीतल्या एका कोवळ्या पानावर आज रेघ दिसली. केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. म्हणजे त्यांनी अंडी घातली होती. हे पान तोडणार नाही. तुलाच यावं लागेल.

तुझी
सिंधूआत्या

---

नागपूर
१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

काडेपेटी मॅडमच्या टेबलावर उघडली. पतंग त्यांनीच चिमट्याने उचलला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पाहत राहिल्या. प्रेमानंद माझ्यामागे टाचा उंचावून उभा होता.

मॅडम म्हणाल्या, "पतंगच आहे. पोटाचं टोक शाबूत आहे, नाव लावता येईल. विषय तुझा." मी प्रेमानंदला टाळी दिली. शनिवारी पहिल्या गाडीने येते आहे, ती रेघ पाहायला.

मग त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण नमुना म्हणून काही खास नाही. पंखांचे खवले गेलेत, कडा फाटल्यात. आपल्या कपाटातले सगळे कसे कोरे करकरीत असतात. याचं काय झालंय?"

मी म्हटलं, "मॅडम, सगळं आयुष्य जगून आलाय तो."

त्यांनी डोळा काढला नाही. सूक्ष्मदर्शकाचा दिवा वाढवून पंखांच्या कडा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव कपाटात. वरच्या खणात."

तुझी
दीप्ती